खाडीकाठच्या रस्त्याला उघाड्या ठेवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की आपल्या अंकात भरतीच्या वेळांची एक छोटी चौकट येऊ लागते. साडेचार मीटरच्या वरची भरती असेल तर बातमीही होते. मी पेपर हातात घेतला की आधी ती चौकट वाचते आणि त्या वेळेत मनातल्या मनात थोडी मिनिटं मिळवते. चौकटीतली वेळ मुंबईची असते. खाडीतून चढत चढत पाणी आमच्या बाळकुमच्या काठाला लागेपर्यंत उशीर होतो.

ही सवय मला सासऱ्यांनी लावली. त्यांना चौकट लागत नसे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना पाठ असायचा. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पाणी भरणार. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, आणि तेच उधाण, सगळ्यात उंच पाणी. मधल्या दिवसांत भांग, तेव्हा पाणी अंगात नसल्यासारखं येतं आणि जातं. शेतावर कधी जायचं, होडी कधी सोडायची, मासळीला कोणी कधी उतरायचं, हे सगळं घरात या हिशेबावर चालायचं.

बाळकुम ते गायमुख असा खाडीकाठाने जो मार्ग होऊ घातला आहे, त्याविषयी मला लिहायचं आहे. माझा या मार्गाला विरोध नाही. घोडबंदर रस्त्यावर रोज अडकून पडणारी माणसं माझ्याच घरातली आहेत. पण खाडीच्या काठाने मातीचा भराव पडला की तो नुसता रस्ता राहत नाही, तो बांध होतो. आणि बांध कसा घालायचा, त्यात उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडपेची मोरी, कशी ठेवायची, हे या काठावरच्या लोकांना पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. ते कुणीतरी विचारावं म्हणून हे पत्र.

मी ४० वर्षांपूर्वी शाळेत भूगोल शिकवायला लागले. बेट कशाला म्हणतात हे विचारलं की मुलं अंदमान सांगायची, श्रीलंका सांगायची. ठाणे कुणीच सांगायचं नाही. आपलं जुनं ठाणे शहर, बाळकुम, कोलशेत, ओवळा, गायमुख, तिकडे मुलुंड, भांडुप, अंधेरी, बोरिवली हे सगळं साष्टी नावाच्या एकाच बेटावर आहे. सहासष्ट गावं म्हणून साष्टी, असं सांगतात. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला उल्हास नदीचं पाणी समुद्राला नेणारी वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि दक्षिणेला माहीमची खाडी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला येऊन थांबली, ती बेटाच्या कडेला येऊन थांबली. पुढे खाडी होती. तिच्यावर पूल बांधून १८५४ साली गाडी कल्याणला गेली. आता इतके पूल झालेत की पाणी कधी ओलांडलं ते कळत नाही.

मला मात्र ओलांडल्याचं चांगलं आठवतं. माझं माहेर पलीकडचं, खारीगाव. गावाच्या नावातच खार, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, आहे, जसा तो खारघर, खारकोपरच्या नावात आहे. १९७१ च्या वैशाखात माझी पाठवणी होडीने झाली. लग्नाचा मुहूर्त भटजींनी काढला होता, पण निघायची वेळ भरतीने ठरवली. ओहोटीला होडी काठाला लागत नाही, मधे कमरेइतका चिखल असतो. नव्या लुगड्यात चिखलातून कोण उतरणार? म्हणून सगळं वऱ्हाड पाणी चढायची वाट बघत बंदरावर बसून राहिलं, आणि माझ्या आईला माझ्याशेजारी बसायला आणखी दीड तास मिळाला.

या बेटाचा आकार शेतीला कसा वळण लावतो ते सांगते. मधोमध येऊर-कान्हेरीचे डोंगर. पाऊस तिथे पडतो आणि ओढ्यानाल्यांनी दोन्ही अंगांना उतरतो. पश्चिमेला समुद्राकडच्या गावांत जमीन रेताड, विहिरींना गोडं पाणी, म्हणून तिकडे नारळ झाले, भाजीचे मळे झाले. आमच्या पूर्वेच्या अंगाला खाडीने आणून टाकलेला काळा चिकण गाळ. डोंगराच्या पायथ्याशी थोडी वरकस जमीन, तिच्यात नाचणी-वरी. तिच्याखाली उंचवट्यावर गाव. गावाच्या खाली पार खाडीपर्यंत खार. ठाण्यात इतके तलाव का, हे मुलांना सांगताना मी हाच उतार फळ्यावर काढायचे. डोंगराचं गोडं पाणी खाऱ्यात मिसळायच्या आधी अडवून ठेवायचं, कारण खाली विहीर खणली तर मचूळ लागते.

खारात भात कसं होतं, हे आता ठाण्यात फार थोड्यांना सांगता येईल. खाजणात रोज दोनदा भरती शिरते. तिला थोपवायला खाडीच्या बाजूने मातीचा बांध घालायचा, तो बाहेरकाठा. त्याच्या बाहेर जी तिवरं उगवतात ती तोडायची नाहीत, वाळलेली फांदी चुलीला आणली तर आणली. लाटेचा मार आधी तिवरं खातात, मग बांधाला लागतो. आगोटीचा पाऊस आला की तो शेतात साठवायचा नाही. उन्हाळ्यात जमिनीवर जो खार फुटलेला असतो, तो या पहिल्या पावसांनी धुऊन बाहेर सोडायचा. मग मोड आणलेलं बी चिखलात फेकायचं, त्याला रहू म्हणतात. आणि त्यानंतर मात्र शेतात गोडं पाणी उभं ठेवायचं, कारण वरून गोडं दाबून बसलं तरच खालचा खार खाली राहतो. पेरायचं ते राता. लालसर दाणा, खार सोसणारा. त्याच्या भाकरीचा रंग आणि वास मला अजून आठवतो. बाजारच्या पांढऱ्या तांदळाची भाकरी सासऱ्यांनी शेवटपर्यंत मनापासून खाल्ली नाही. पनवेलला कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे, त्यांनी खार सोसणाऱ्या नव्या जातीही काढल्या. पण त्या पेरायला खार शिल्लक हवा.

दसऱ्यानंतर पाऊस हटला की ओल सुकते आणि खार पुन्हा वर येतो. कापणी झालेल्या शेतात पांढरी बुरशी धरल्यासारखं मीठ दिसतं. म्हणून दुसरं पीक नाही. एकच पीक, एकच पावसाळा. उरलेले महिने गड्यांनी मिठागरावर जायचं, गवत कापून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचं, रेतीच्या होड्यांवर जायचं. बायांनी खाडीत उतरायचं, निवट्या, चिंबोऱ्या, कालवं आणायची. आमची लग्नं उन्हाळ्यात होतात, कारण तेव्हाच जमीन रिकामी असते. आगरी हे नावच मिठाच्या आगरावरून आलं. एकाच कुटुंबाने पावसाळ्यात भातातून मीठ धुवायचं आणि उन्हाळ्यात त्याच खाडीचं पाणी वाफ्यात घेऊन मीठ पिकवायचं.

आता उघाडी. बांधात दगडी मोरी बांधलेली असते आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेली जाड लाकडी फळी असते. भरती आली की पाण्याच्या दाबानेच फळी मोरीच्या तोंडाशी घट्ट बसते आणि खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटी लागली, बाहेरचं पाणी उतरलं की शेतातलं साचलेलं पाणी फळीला आतून ढकलतं आणि वाहून जातं. वीज नाही, पंप नाही, कुणी उभं राहून उघडझाप करायची नाही. पण एक वीतभर काडी फळीत अडकली तरी खारं पाणी आत शिरतं, म्हणून ती राखावी लागते. गावात प्रत्येक उघाडीला राखणारा माणूस ठरलेला असे. आमच्या बाजूच्या उघाडीला माझे सासरे होते.

मी त्यांना ते काम करताना कितीतरी वेळा पाहिलं. भरती निम्मी चढली की बांधावर जायचे. फळीच्या कडेने पाण्याखाली हात फिरवायचे, डोळे मिटून. कुठे गारवा पळताना लागला की तिथे गळतंय. मग ओल्या चिखलात पेंढा मळून त्याचा गोळा त्या फटीत दाबायचे. नंतर बांधाच्या आत येऊन शेतातल्या पाण्यात बोट बुडवायचे आणि जिभेला लावायचे. गोडं असेल तर घरी. तोंड वाकडं झालं तर पुन्हा बांधावर. रात्री कंदील घेऊन हेच. मी एकदा विचारलं, इतक्या पावसात कशाला जाता, सकाळी बघा की. ते म्हणाले, "पोरी, पानी येल चुकवीत नाय. आपुन चुकवायची नाय."

लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी श्रावणातल्या अमावास्येला बांधाला खांड गेली. चिंबोरीने केलेलं बीळ कुणाच्या नजरेतून सुटलं, मध्यरात्रीच्या उधाणाने ते मोठं केलं आणि बैलगाडी जाईल एवढा बांध वाहून गेला. सकाळी सातला पाणी उतरलं. दुपारी साडेबाराला पुढचं उधाण येणार होतं. मधले पाच-साडेपाच तास. घरटी एक माणूस हा नियम, पण त्या दिवशी सगळं गाव उतरलं. गड्यांनी बांबू ठोकले, पेंढ्याचे भारे दाबले. आम्ही बायका रांग करून चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत होतो. माझा थोरला तेव्हा सात महिन्यांचा, बांधावर जाऊबाईंच्या मांडीवर रडत होता. पाणी आमच्या गुडघ्याला लागलं तेव्हा खांड भरली होती. तरी रात्री एकदा आत शिरलेलं खारं पाणी शिरलंच होतं. पोटरीला आलेलं भात चार दिवसांत पिवळं पडलं, आणि त्या तुकड्यात नीट पीक यायला पुढचे दोन पावसाळे गेले.

सरकारलाही या बांधांचं महत्त्व कळलं होतं. १९४८ साली खारभूमीचा कायदा झाला, पुढे १९७९ साली महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा आला. बांध राखायला खातं झालं. पण आमच्याकडे शहर बांधापेक्षा लवकर आलं. १९८२ साली ठाणे महानगरपालिका झाली. एकेक खार विकला गेला, आम्हीही विकला, ते लपवत नाही. सासरे गेल्यावर राखायला माणूस नव्हता, यजमान कारखान्यात, मुलं शिकत होती. ज्यांनी घेतला त्यांनी भर घातली. त्यावर आज इमारती आहेत आणि त्यांत राहणारी माणसं चांगली आहेत. दुखतं ते एवढंच की भर घालताना उघाडीचं काय करायचं, हे कुणाला सुचलं नाही.

खार काय काम करत होता ते आकड्यात सांगते, म्हणजे नव्या लोकांनाही पटेल. एका एकरात वीतभर, म्हणजे नऊ इंच पाणी उभं राहिलं तर ते सव्वानऊ लाख लिटर होतं. दहा हजार लिटरचे नव्वदहून जास्त टँकर. येऊरचा पाऊस खाली आला आणि नेमकी भरती असली, उघाड्या बंद असल्या, तर तेवढं पाणी प्रत्येक एकर ओहोटी लागेपर्यंत चार-पाच तास सांभाळायचा. भात त्याने मरत नव्हतं. आता ते चार-पाच तास पाणी कुठे थांबणार? ते रस्त्यावर थांबतं, तळमजल्यावर थांबतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दुपारीही भरती होती. त्या दिवसाचं सगळं खापर आपण पावसावर फोडतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या आळीच्या खालच्या अंगाला भराव पडला आणि नाल्याचं खाडीकडचं तोंड अरुंद झालं. त्या जुलैत आमच्या घरात पहिल्यांदा पाणी आलं. पाऊस थांबून दोन तास झाले तरी उतरेना. मी आणि शेजारच्या दोघीजणी लेखी अर्ज घेऊन तीनदा जाऊन आलो. तिसऱ्या खेपेला एक तरुण इंजिनीअर नकाशा घेऊन खरोखर आला, त्याने नीट ऐकूनही घेतलं. पण त्याच्या नकाशात नाला रस्त्यापाशी संपत होता. पुढे बांध होता, त्यात उघाडी होती, हे त्या कागदावरच नव्हतं. मी त्याला म्हटलं, मुला, पाणी इथून जात होतं. तो म्हणाला, आजी, इथे तर काहीच नाही. त्याची चूक नव्हती, पण जे नकाशात नाही ते दुरुस्त कोण करणार?

खाडीपलीकडे नवी मुंबई वसवताना हे आधी विचारात घेतलं गेलं. समुद्रसपाटीखालची जमीन राखणाऱ्या डच लोकांच्या पद्धतीवर सिडकोने तिथे धारण तलाव बांधले. पावसाचं पाणी भरतीच्या वेळी तलावात थांबतं आणि ओहोटीला झडपांतून खाडीत जातं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा सासऱ्यांची फळी डोळ्यांसमोर आली. तीच युक्ती, फक्त सिमेंटची. पुढे त्या तलावांत गाळ साचला, तिवरं उगवली, तिवरं आली म्हणून गाळ काढता येईना, असा पेच तिथे झाला. तिवरं हवीतच. पण उघाडी असो की धारण तलाव, रोज हात फिरवणारा माणूस नसेल तर दोन्ही बुजतात.

या खाडीची किंमत आता जगाला कळली आहे. २०१५ साली १,६९० हेक्टरचं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं. नातवंडं रोहित बघायला दुर्बीण घेऊन जातात, मला आनंद होतो. रोहित ज्या चिखलात चोच घालतो तोच चिखल आम्ही गोळे करून बांधाला लावत होतो. त्या चिखलाची आणि त्यावर राहिलेल्या माणसांची ओळखही मुलांना करून द्यावी असं मला वाटतं.

तर माझं मागणं असं. बाळकुम ते गायमुख मार्गाचा काही भाग खांबांवर असेल, काही भरावावर. जिथे भराव आहे तिथे काम पुढे नेण्याआधी बाळकुम, ढोकाळी, कोलशेत, वाघबीळ, ओवळा इथली सत्तरीपुढची माणसं गाठावीत आणि जुना बाहेरकाठा कुठून जात होता, त्याला उघाड्या कुठे होत्या, हे जागेवर जाऊन विचारून नकाशावर घ्यावं. पाणी अजून त्याच वाटेने यायला बघतं. त्या प्रत्येक ठिकाणी भरावातून झडपेची मोरी ठेवावी, नुसता पाइप नको. झडप नसलेला पाइप भरतीला उलटा वाहतो आणि खाडी घरात आणतो. जिथे मोकळी सखल जागा उरली आहे, मग ती खाजगी असो की सरकारी, तिथे आता तरी भर घालू नये, पावसाळ्यात पाणी उभं राहायला ती लागणार आहे. आणि मोऱ्यांची देखभाल वर्षातून एकदा निघणाऱ्या कंत्राटावर सोडू नये. काठावरच्या गावातली माणसं पावसाळ्याचे चार महिने उघाडीराखे म्हणून पगारी नेमावीत. कोळी-आगरी मुलांना हे काम शिकवायला फार दिवस लागणार नाहीत.

आमच्या उघाडीचे दगड अजून आहेत. भरावाच्या कडेला तिवरांच्या मुळांत अडकलेले, चार मोठे आणि वरचा एक आडवा. त्या आडव्या दगडाला फळी टांगायची लोखंडी कडी गंजून अर्धी राहिली आहे. संबंधित कुणीही आलं तर मी बरोबर येऊन जागा दाखवीन, गुडघे अजून साथ देतात. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दिवशी सकाळी सात वाजता यावं. तेव्हा पाणी पार खाली गेलेलं असतं आणि दगड तळापर्यंत दिसतात. साडेनऊनंतर आलात तर ते पाण्याखाली गेलेले असतील.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
बाळकुम, ठाणे (पश्चिम)